लिओनार्ड चेशर : बॉम्बफेकी विमानातून रुग्णाच्या खाटेपाशी



अंधेरी पूर्वेच्या महाकाली गुंफा रस्त्यावरील ‘चेशर होम’ आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अपंग बांधवांच्या ह्या घराचे पूर्ण नाव ‘बेथलेहेम हाऊस’. पण हे चेशर कोण, असे विचारले तर सांगणारे थोडेच. म्हणून आज त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

लिओनार्ड चेशर ह्यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील कायद्याचे नामांकित प्राध्यापक. मुलगाही ऑक्सफर्डला कायदाच शिकला. पण त्याचा जीव पुस्तकांपेक्षा मौजमजेत अधिक रमे. विद्यापीठात असतानाच तो विमान चालवायला शिकला आणि युद्ध पेटल्यावर बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक झाला.

ते काम म्हणजे रोज मरणाशी गाठ. रात्रीचा काळोख, हाडे गोठवणारी थंडी, खालून तोफांचा मारा. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधील सुमारे १,२५,००० जवानांपैकी ५५,५७३ मरण पावले. नोव्हेंबर १९४० मध्ये कोलोनच्या मोहिमेत चेशर ह्यांच्या विमानाला तोफगोळा लागून एका बाजूला मोठे भगदाड पडले आणि आत आग लागली. बिनतारी यंत्रावरचा तरुण भयंकर होरपळला. तशा अवस्थेत चेशर ह्यांनी विमान घरी आणले.

वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते ग्रुप कॅप्टन झाले. पण कचेरीत बसणे त्यांना मानवेना. १९४३ मध्ये त्यांनी हुद्द्याची एक पायरी खाली उतरून ६१७ क्रमांकाच्या तुकडीचे नेतृत्व मागून घेतले. निवडक वैमानिकांची ही तुकडी त्याच वर्षीच्या मे महिन्यात जर्मनीची धरणे फोडण्यास गेली होती. त्या एका रात्रीत १९ विमानांपैकी ८ विमाने आणि ५३ जवान तिने गमावले होते.

फेब्रुवारी १९४४ मध्ये ह्या तुकडीला फ्रान्समधील लिमोज येथील विमानांच्या इंजिनांचा कारखाना उडवायचा होता. कारखाना जर्मनांच्या ताब्यात, पण रात्रपाळीला कामावर फ्रेंच स्त्रिया. चेशर ह्यांनी आपले अवजड विमान अगदी छपरालगत खाली आणले आणि बॉम्ब न टाकता पुन्हा पुन्हा कारखान्यावरून नेले. स्त्रियांनी इशारा ओळखून बाहेर पळ काढावा म्हणून! तोफा असत्या तर पहिल्याच फेरीत विमान पडले असते. मग कारखान्यावर नेमके निशाण टाकून त्यांनी इतर विमानांना वाट दाखवली. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना हेतू आणि साधन ह्यांवर पुष्कळ घोकंपट्टी झाली. हे उदाहरण तेव्हा कुणी सांगितले असते तर बरे झाले असते.

सुमारे शंभर मोहिमांनंतर, सप्टेंबर १९४४ मध्ये, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

९ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रिटनचे निरीक्षक म्हणून त्यांनी नागासाकीवरील अणुबॉम्बचा स्फोट दूरच्या विमानातून पाहिला. खाली उराकामीचे कॅथेड्रल कोसळले, तेथील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० मृत्युमुखी पडले. त्या बॉम्बने युद्ध थांबले आणि अधिक जीव वाचले, असेच चेशर आयुष्यभर मानत राहिले. इथे त्यांच्याशी आमचे जमत नाही. रहिवाशांसकट अख्खी शहरे बेचिराख करणे हा देवाविरुद्ध आणि माणसाविरुद्ध अपराध आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले. चांगल्या माणसाचे प्रत्येक मत पटलेच पाहिजे, असे थोडेच आहे?

युद्धानंतर त्यांनी माजी सैनिकांसाठी एक वसाहत काढली. ती फसली, कर्ज उरले. १९४८ मध्ये इस्पितळातून निरोप आला : आर्थर डाइक्स नावाचा कर्करोगी मरणपंथाला लागला आहे, त्याला जायला घर नाही. चेशर ह्यांनी त्याला रिकाम्या वाड्यात आणले. शुश्रूषेचे शिक्षण नसताना त्याला धुणे-पुसणे, कूस बदलणे, चादरी बदलणे सारे स्वतः केले. डाइक्स चर्चपासून दुरावलेला कॅथलिक होता. त्या दिवसांत तो श्रद्धेकडे परतला. ऑगस्टमध्ये त्याने देह ठेवला. त्याच वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी, चेशर ह्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. तोवर वाड्यात आणखी रुग्ण येऊ लागले होते.

पुढे क्षयाने त्यांना दोन वर्षे अंथरुणाला खिळवले. बरे झाल्यावर ते भारतात आले आणि अंधेरीत येथील पहिले घर सुरू झाले. ५ एप्रिल १९५९ रोजी त्यांचा विवाहही आपल्या मुंबईतच, होली नेम कॅथेड्रलमध्ये, स्यू रायडर ह्यांच्याशी झाला. दोघांनी मिळून डेहराडूनला कुष्ठरुग्ण व मतिमंद मुलांसाठी ‘राफाएल’ उभारले.

शेवटी मज्जातंतूंच्या आजाराने त्यांचे स्वतःचेच हातपाय निकामी होत गेले आणि आपल्या घरांतील रहिवाशांसारखे तेही दुसऱ्यांच्या हातांवर विसंबले. ३१ जुलै १९९२ रोजी त्यांना देवाज्ञा झाली. तोवर सुमारे ५० देशांत चेशर घरे उघडली होती.