लढाईचा हुकूम आणि यशवंतराव

2025 च्या मे महिन्यात माझ्या दादाचा फोन चार दिवस लागला नाही. तो फौजेत आहे. आई वावरातून पऱ्हाट्या वेचून यायची आणि पायरीवरच बसून राहायची. एका संध्याकाळी तिने मला विचारले, की पोरांना लढायला पाठवायचे हे दिल्लीत नेमके ठरवते कोण? आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा मला हे ठाऊक असणार असे तिला वाटले. मला ठाऊक नव्हते. राष्ट्रपती हे तिन्ही दलांचे सरसेनापती, एवढे मी पाठ केले होते. उत्तर शोधता शोधता मी यशवंतराव चव्हाणांच्या चरित्रापाशी येऊन थांबलो.

यशवंतरावांचा जन्म 12 मार्च 1913 रोजी देवराष्ट्रे येथे, आजोळी झाला. वडील लहानपणीच गेले. आई विठाईंना अक्षरओळख नव्हती, पण मुलांचे शिक्षण त्यांनी थांबू दिले नाही. (हे वाचताना मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले.) 1932 मध्ये तुरुंगवास, 1938 मध्ये बी.ए., पुढे वकिली, बेचाळीसचा लढा आणि 1960 मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्रिपद. हा भाग आपणा सर्वांना परिचित आहे.

1962 च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. 26 तारखेला आणीबाणी पुकारली गेली. संसदेचे अधिवेशन अलीकडे ओढून 8 नोव्हेंबरला भरवावे लागले आणि लढाई चालू असताना सभागृहात सरकारला जाब विचारला गेला. त्याआधीच कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले होते. नेहरूंनी यशवंतरावांना बोलावले. त्यांनी शपथ घेतली 21 नोव्हेंबरला, म्हणजे चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी!

मोडलेला विश्वास सांधणे हे त्यांचे पहिले काम होते. तिन्ही दलप्रमुखांबरोबर ते रोज सकाळी बसू लागले. लढायचे की नाही हे मंत्रिमंडळाने ठरवावे आणि कसे लढायचे हे सेनापतींनी, ही रेघ त्यांनी सांभाळली. 1 सप्टेंबर 1965 रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले. दुपारी दलप्रमुख विमाने वापरण्याची परवानगी मागायला आले आणि यशवंतरावांनी ती काही मिनिटांतच दिली. त्याच संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमाने पडली. त्या रात्री त्यांना झोप लागली असेल का? पंजाबची सीमा ओलांडण्याचा निर्णय मात्र पंतप्रधान शास्त्रीजी आणि मंत्रिमंडळाच्या समितीचा होता. 6 सप्टेंबरला फौजा लाहोरच्या दिशेने निघाल्या आणि लोकसभेला ते त्यानंतर कळले.

आपल्या घटनेतही हे असेच आहे. सरसेनापतिपद राष्ट्रपतींकडे असले, तरी ते चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. संसदेच्या हाती पैशाची किल्ली आहे, आणीबाणीला मंजुरी देणे आहे, मंत्र्याला उभे करून प्रश्न विचारणे आहे. परंतु लढाईपूर्वी संसदेला विचारलेच पाहिजे असे कोणतेही कलम सांगत नाही. अमेरिकेत युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा. व्हिएतनामनंतर 1973 मध्ये तिने अध्यक्षांवर 60 दिवसांची मुदतही घातली, तरी तिथले अध्यक्ष वाटा काढतातच. छांबच्या दुपारी मतदान घ्यायला कुणाला सवड होती? त्यामुळे आधी विचारण्याचा आग्रह मी धरत नाही. मला खटकते ते नंतरचे. 1962 च्या पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स यांनी केली. 2 सप्टेंबर 1963 रोजी यशवंतरावांनी तिचा सारांश लोकसभेत सांगितला, पण मूळ अहवाल सभागृहापुढे ठेवला नाही. सुरक्षिततेचे कारण तेव्हा खरे असेलही. मात्र ज्या संसदेला लढाईआधी कोणी विचारत नाही, तिच्यापासून लढाईनंतरचा हिशेबही झाकून ठेवायचा, हे यशवंतरावांविषयी एवढा आदर असूनही मला पटत नाही.

पुढे गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती त्यांनी सांभाळली. 25 नोव्हेंबर 1984 रोजी ते गेले.

दादाचा फोन पाचव्या दिवशी आला. नंतर एकदा आईला मी हे सारे जमेल तसे समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि तो अहवाल आता तरी सरकारने बाहेर काढला का, एवढेच विचारले. नाही काढला, असे मी सांगितले.