अणुभट्टीच्या आधीचे भाभा

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव निघाले की तुर्भ्याच्या अणुभट्ट्या आणि अणुऊर्जा आयोग डोळ्यांपुढे उभे राहतात. या थोर प्रशासकाच्या सावलीत एक कणभौतिकशास्त्रज्ञ मात्र झाकला गेला.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सुखवस्तू पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, ही घरच्यांची इच्छा. १९२७ मध्ये केंब्रिजला गेलेल्या होमींना भौतिकशास्त्राने झपाटले. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळाल्यास गणिताचा खर्च देण्याचे वडिलांनी कबूल केले आणि १९३० मध्ये मुलाने ती अट पुरी केली.

अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचे कोडे तेव्हा सुटलेले नव्हते. वातावरणात शिरलेल्या एका वेगवान इलेक्ट्रॉनपासून फोटॉन, त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या, पुन्हा फोटॉन, असा कणांचा वर्षाव कसा होतो, याचे गणित भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडले. वेगवान मेसॉनचे आयुष्य पृथ्वीवरून पाहता लांबलेले दिसेल आणि सापेक्षता सिद्धान्ताची ती थेट कसोटी ठरेल, हे त्यांनी १९३८ मध्ये दाखवले.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले आणि महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरण संशोधन विभाग सुरू केला. परदेशाची वाट कायमची बंद झाली नव्हती. युद्ध संपताच परतणे त्यांना अवघड गेले नसते. त्यांनी मार्च १९४४ मध्ये दोराबजी टाटा ट्रस्टकडे नव्या संस्थेसाठी साहाय्य मागितले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली आणि त्याच वर्षअखेरीस मुंबईत पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' बंगल्यात आली.

१९५१ मध्ये भाभांनी तरुण सहकारी बी. व्ही. श्रीकंठन यांना कोलारच्या सोन्याच्या खाणीत पाठवले. जितके खोल जावे तितके इतर कण खडकात अडतात आणि भेदक कण तेवढे उरतात. १९६५ मध्ये तेथे सव्वादोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, जपानी व ब्रिटिश संशोधकांच्या सहकार्याने, वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या. दक्षिण आफ्रिकेतील खाणीतही त्याच सुमारास हे यश मिळाले. त्यानंतर काही महिन्यांतच, २४ जानेवारी १९६६ रोजी, माँ ब्लाँ शिखराजवळच्या विमान अपघातात भाभांचा अंत झाला.

त्यांच्या संस्थेत घडलेले, नागपूरला जन्मलेले रमानाथ कौशिक यांनी जे. मॅक्लेलंड यांच्यासह १९७२-७३ मध्ये वेगळाच प्रश्न हाती घेतला. विश्वाच्या आरंभीच्या उष्ण अवस्थेतून उरलेले असंख्य न्यूट्रिनो आजही सर्वत्र आहेत. त्यांना थोडेसे जरी वस्तुमान असेल, तर दीर्घिकासमूहांतील न दिसणारे द्रव्य तेच असू शकेल, असे त्यांनी सुचवले. न्यूट्रिनोला वस्तुमान आहे, हे १९९८ मध्ये जपानमधील प्रयोगाने दाखवले, तेही कोलारला दिसलेल्या वातावरणीय न्यूट्रिनोंच्याच आधारे. मात्र ते इतके अल्प आहे की कृष्णद्रव्याचा फार छोटा वाटाच न्यूट्रिनोंच्या नावे मांडता येतो. उरलेल्याचा शोध सुरू आहे.