कवयित्री राहेल आणि नेबो डोंगर

वाचकहो, वीस शेकेलची तांबडी नोट आपल्या हातून रोज येते-जाते. २०१७ सालापासून तिच्यावर एका स्त्रीचा चेहरा आहे. भाजी घेताना ती बाई कोण, हे कोणी विचारत नाही. त्या कवयित्री राहेल. आडनाव ब्लुवश्टाईन, पण कवितेखाली त्या नुसते राहेल एवढेच लिहीत. हे नाव नाही असे बेने इस्राएल कुटुंब आमच्या तरी पाहण्यात नाही, म्हणून त्यांची हकीकत येथे सांगाविशी वाटते.

त्यांचा जन्म १८९० साली रशियात झाला. त्या सोळा वर्षांच्या असताना आई वारली. चित्रकलेचा नाद होता, आणि १९०९ साली बहिणीबरोबर शिक्षणासाठी इटलीला निघाल्या असता वाटेत हा देश पाहावा म्हणून उतरल्या. उतरल्या त्या राहिल्याच. रहोवोथ येथे बालवाडीतील मुलांचे बोलणे ऐकत त्या हिब्रू शिकल्या. (आपल्यापैकी कित्येकांची हिब्रू नातवंडांनीच सुधारली आहे; तेव्हा यात आम्हाला नवल वाटत नाही.)

१९११ साली त्या किन्नेरेथच्या तळ्याकाठी मुलींच्या शेतीशाळेत गेल्या. तेथे त्यांना आपले काम सापडले. कवयित्री होण्याची हौस नव्हती. शेतकरीण व्हायचे होते. त्यासाठी १९१३ साली फ्रान्समध्ये तुलूझ येथे शेतीशास्त्र शिकायला गेल्या. इतक्यात महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाल्यामुळे त्या रशियात गेल्या व तेथे निर्वासित यहुदी मुलांना शिकवू लागल्या. त्याच काळात क्षयाने त्यांना गाठले.

१९१९ साली ‘रुसलान’ जहाजाने त्या परतल्या आणि देगानिया वसाहतीत दाखल झाल्या. शिकलेली शेती आता हाती येणार, तोच रोग उघड झाला. वसाहतीत लहान मुले होती आणि रोग सांसर्गिक, म्हणून त्यांना निघून जाण्यास सांगण्यात आले. मुलांच्या आईबापांची भीती आम्हाला समजते. तरी ज्या मातीसाठी त्या दोनदा समुद्र ओलांडून आल्या, तिच्यातून त्या अशा उठल्या हे वाचून जीव कळवळतो. पुढची वर्षे यरुशलेम, साफेद व शेवटी तेल अवीव येथील भाड्याच्या खोलीत गेली. कविता ‘दावार’ वर्तमानपत्रात छापून येत आणि लोक त्यांची वाट पाहत.

आता त्यांच्या पुस्तकांची नावे पाहा. पहिले, १९२७ सालचे, ‘साफियाह’. हा तोराचा शब्द आहे. शेमिताच्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. त्या वर्षी न पेरता आपोआप जे उगवते ते साफियाह, आणि मालकाने त्याची कापणी करायची नाही. शेत गेलेल्या बाईने आपल्या कवितेला हे नाव द्यावे! कीर्ती मिळत होती, पण तिला त्यांनी आपले खरे पीक मानले नसावे, असे आम्हाला वाटते.

दुसरे पुस्तक १९३० सालचे, ‘मिनेगेद’, म्हणजे समोरून, लांबून. हा शब्द देवाने मोशे राबेनूंना सांगितलेल्या शेवटच्या गोष्टींतला: देश समोरून पाहशील, आत जाणार नाहीस. दर सिमहाथ तोराला मोशेच्या मृत्यूचा भाग वाचून होतो आणि लगेच आपण बेरेशीथकडे वळतो. नेबो डोंगरावर कोणी फार वेळ थांबत नाही. राहेल मात्र तेथेच थांबल्या. तो डोंगर त्यांनी एकट्या मोशेचा ठेवला नाही. हवे ते डोळ्यांपुढे असून ज्याच्या हाती लागत नाही, अशा प्रत्येक माणसाचा तो केला.

त्यांना मूल नव्हते. न झालेल्या मुलाला त्यांनी एका कवितेत ऊरी असे नाव दिले आहे आणि तेथे आपल्याबरोबर दोन वांझ स्त्रियांना उभे केले आहे, राहेल माता आणि शीलो येथे प्रार्थना करणारी हन्ना. रोश हाशानाच्या पहिल्या दिवशी हाफ्तारात हन्नाची गोष्ट वाचतात, दुसऱ्या दिवशी मुलांसाठी रडणारी राहेल येते. आपल्या आयांना त्या गोष्टी तोंडपाठ होत्या. पण त्या दोघींना देवाने शेवटी मुलगे दिले. ऊरी आला नाही, आणि तरी कवितेत त्याची वाट पाहणे थांबत नाही.

१६ एप्रिल १९३१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, राहेल तेल अवीव येथे वारल्या. तिसरे पुस्तक त्यांच्या मागे १९३२ साली निघाले. त्याचे नाव ‘नेबो’.

त्यांना किन्नेरेथच्या काठी, जुन्या वस्तीच्या कबरस्तानात पुरले आहे. तिबेरियाला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून तेथे जावे. कबरीजवळच्या पेटीत त्यांच्या कवितांचे पुस्तक ठेवलेले असते. येणारे लोक तेथेच बसून वाचतात, आणि समोर तळे दिसते.