विजेच्या बिलामागे बाबासाहेबांचंही काम आहे

नेरळ : खोपोलीचं पॉवर हाऊस 1915 चं, भिवपुरीचं 1922 चं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी पाइपातून खाली आपल्या तालुक्यांत यायचं आणि इथे तयार झालेली वीज तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांना जायची. 1930 पर्यंत नेरळवरून विजेवरची रेल्वेही धावू लागली. पण रुळाच्या दोन्ही बाजूंची गावं मात्र कंदिलावरच होती.

त्यात चोरी कुणाची नव्हती, कायदाच तसा होता. 1910 च्या कायद्याप्रमाणे एखाद्या भागाचं लायसन घेऊन वीज विकता यायची. धंदा करणारा शहरात जाणार, कारण गिऱ्हाईक तिथे. चार घरांच्या वाडीसाठी खांब कोण टाकणार?

हा प्रश्न सरकार दरबारी ज्यांनी नीट मांडला, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव वर येतं. महाडचं चवदार तळं, संविधान हे सगळ्यांना पाठ आहे. वीज खातं मात्र फार कमी लोकांना माहीत.

14 एप्रिल 1891 ला महू इथे जन्म, मूळ गाव रत्नागिरीतलं आंबडवे. परळच्या चाळीत एका खोलीत राहून शिक्षण. पुढे अमेरिकेत आणि लंडनमध्ये अर्थशास्त्राच्या मोठ्या पदव्या. आपण त्यांना वकील म्हणून ओळखतो, पण आधी ते अर्थशास्त्री होते, हे विसरायला नको. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, कुळांचे हाल त्यांना ठाऊक होते. 1937 ला खोती बंद करण्याचं बिल त्यांनीच मुंबईच्या विधिमंडळात आणलं.

1942 ला ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज ही कामंही त्याच खात्यात होती. 25 ऑक्टोबर 1943 ला युद्धानंतरच्या विजेच्या धोरणाची समिती बसली, तेव्हा त्यांनी मुद्द्यालाच हात घातला. वीज सरकारच्या हातात असावी की खाजगी? खाजगी असेल तर लोकांचं हित राखायला कोणत्या अटी घालायच्या? त्यांचा हिशेब सरळ होता. नुसत्या शेतीवर एवढी माणसं जगणार नाहीत, कारखाने हवेत, आणि कारखान्यांना स्वस्त आणि भरपूर वीज हवी. 1944 ला विजेच्या तांत्रिक नियोजनासाठी केंद्रीय मंडळ उभं राहिलं. दामोदर आणि हिराकूडच्या धरणांची सुरुवातीची आखणीही त्यांच्याच काळातली.

1946 ला ते त्या खात्यातून बाहेर पडले. त्या विचाराला कायद्याचं रूप 1948 ला आलं. तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते आणि वीज खातं काकासाहेब गाडगीळांकडे होतं. म्हणजे श्रेय एकट्याचं नाही, पण पाया घालणाऱ्यांत ते होते. या कायद्याने राज्यांना वीज मंडळं काढता आली. आपलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 चं. ते पाहायला बाबासाहेब नव्हते. 6 डिसेंबर 1956 ला ते गेले.

मंडळाने खांब गावागावांत नेले. लोडशेडिंगही आपण त्याच मंडळाच्या काळात भोगलं, तेही सांगायला हवं. 2003 चा नवा कायदा आला, 2005 ला मंडळाचे तुकडे झाले आणि घरचं बिल महावितरणचं झालं. मुंबई उपनगरात ग्राहकाला कंपनी बदलता येते, नेरळला ती सोय नाही. आपल्याला दुसरा पर्याय छपराचा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सोलरला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे आणि जादा वीज नेट मीटरने महावितरणला देता येते.

1943 चा अटींचा प्रश्न आज राज्य वीज नियामक आयोगासमोर असतो. दर ठरवण्याआधी आयोगाला लोकांच्या सूचना-हरकती मागवाव्या लागतात. त्याची जाहिरात पेपरात येते. घरगुती ग्राहकालाही हरकत देता येते, वकील लागत नाही.