ध्रुवप्रकाशाचा ध्यास

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. एस.एस.एल.सी.नंतर विज्ञानाची आणि माझी फारकत झाली. तरीही एका शास्त्रज्ञाच्या आयुष्याचा ताळेबंद मांडावासा वाटतो, कारण तो आमच्या खतावणीत नीट बसत नाही.

क्रिस्टियान बिर्कलंड यांचा जन्म १८६७ साली नॉर्वेच्या राजधानीत झाला. तिशीच्या सुमारास ते तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक झाले. उत्तरेच्या रात्री आकाशात हिरवे-तांबडे पडदे झुलतात, तो ध्रुवप्रकाश कशामुळे, या प्रश्नाने त्यांना झपाटले. सूर्याकडून विद्युत्कणांचे झोत येतात, पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना ध्रुवांकडे वळवते आणि उंचावरच्या विरळ हवेवर ते आदळले की हवा उजळते, असे त्यांचे मत. पडताळणीसाठी १८९९ च्या हिवाळ्यात ते हाल्डे पर्वतावर राहिले. त्या मोहिमेत एक तरुण सहकारी हिमलोटात दगावला. पुढे त्यांनी निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, तेव्हा गोळ्याच्या ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटली.

संशोधनाला पैसा हवा, म्हणून त्यांनी विद्युत्चुंबकी तोफ बनवली. १९०३ साली प्रतिष्ठितांसमोर चालवताना तिच्यात ज्वाळा उठली आणि फजिती झाली. पण तसल्याच विजेच्या ज्वाळेत हवेतला नायट्रोजन बांधून खत करण्याची रीत त्यांनी अभियंते साम आयडे यांच्यासह काढली. त्यातून १९०५ साली नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली. मिळालेला पैसा पुन्हा संशोधनातच गेला.

प्रकृती ढासळली, झोप उडाली. १९१७ साली टोकियोच्या एका हॉटेलात झोपेच्या औषधाचा अतिरेक होऊन ते वारले. वय अवघे ४९. त्यांचे मत अनेक वर्षे बाजूला पडले. १९६० नंतर उपग्रहांना उंचावर ते विद्युत्प्रवाह सापडले. झोत थेट सूर्याकडून येत नाहीत, कणांना शेवटचा वेग पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात मिळतो, एवढी दुरुस्ती मात्र झाली. १९९४ साली नॉर्वेने २०० क्रोनरच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

घरी वडील विचारतात, कॉमर्सला असून हे वाचून काय मिळणार? तोफ नुकसानीच्या बाजूला, खत नफ्याच्या, एवढे मला मांडता येते. ध्रुवप्रकाश आणि हिमलोटात गेलेला तो तरुण कोणत्या बाजूला मांडायचे, हे अजून सुचलेले नाही.