कोण जिंकलं त्या रात्री?

केशवराव भोसले हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांना कोल्हापूरच्या नाट्यगृहामुळेच माहीत असतं. ८ ऑगस्ट २०२४ ला ते जळालं आणि दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती, एवढं बातम्यांत ऐकलं. माणूस मात्र राहूनच गेला.

त्यांचा जन्म १८९० चा, कोल्हापुरातला. वडील लवकर वारले, घरात गरिबी. त्यामुळे पोर अगदी लहानपणीच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत आलं. देवलांच्या 'शारदा' नाटकात हा मुलगा शारदा झाला नि त्याच्या गाण्याचा बोलबाला झाला. १९०८ मध्ये, अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, केशवरावांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली. कुठे, तर हुबळीला! आपल्या बेळगावहून जेमतेम शंभर किलोमीटरवर, कानडी मुलखात.

तिकडे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, रंगभूमी गाजवत होते. १९१३ पासून त्यांची गंधर्व नाटक मंडळी होती. झालं, रसिकांचे दोन तट पडले. केशवरावांचा गळा चढा, धारदार, तान जोरकस. बालगंधर्वांचं गाणं मऊ, भावात भिजलेलं. कोण श्रेष्ठ यावर लोक तावातावाने भांडायचे. कॉलेजच्या कट्ट्यावर आपण लता की आशा करतो ना, तसंच. मला वाटतं, या भांडणात खरं तर गाण्याबद्दल कोणी बोलतच नाही. माझी निवड तुझ्यापेक्षा वरची, एवढंच चाललेलं असतं.

८ जुलै १९२१ ला हे दोघे एका रंगमंचावर आले. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात खाडिलकरांच्या 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. ही भामिनी श्रीमंतीच्या तोऱ्यात गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि पुढे वेष बदलून जवळून पाहते तेव्हा तिला त्याची योग्यता कळते. मान-अपमानाचा फोलपणा सांगणाऱ्या नाटकालाच लोक मानाचा हिशेब करायला आले, ही गंमत बघा.

पण धैर्यधराशिवाय भामिनी कुणावर रुसणार? आणि भामिनीच नसेल तर धैर्यधराने कुणासाठी गायचं? दोघांपैकी एकाला पाडलं असतं तर नाटकच पडलं असतं. दोघांनी ते रंगवलं. निकाल मात्र ज्याने त्याने आपापला घरी नेला. केशवरावांचे चाहते म्हणाले केशवराव, गंधर्वांचे म्हणाले गंधर्व. म्हणजे वाद होता तिथेच राहिला.

पुढे तीन महिनेसुद्धा गेले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ ला विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघं ३१. बालगंधर्व १९६७ पर्यंत होते. त्यांच्या ध्वनिमुद्रिका भरपूर, आज मोबाईलवरही ऐकता येतात. मग एकतिसाव्या वर्षी थांबलेल्या गळ्याची तुलना एवढ्या लांबलेल्या आयुष्याशी करायची तरी कशी?

त्या रात्री थिएटरात काही जण नुसतेच ऐकत बसले असतील. मला त्यांचा हेवा वाटतो. बाकीचे गुण मोजत होते, आणि केशवरावांना ऐकायला त्यांच्याकडे उरले होते फक्त ८८ दिवस.