आलीस गी : पहिली चित्रपट-दिग्दर्शिका

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला, हे आपण सर्वजण जाणतो. तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळेना, म्हणून ती साळुंके यांनी केली, हेही आपण वाचले आहे. नेमक्या त्याच काळात अमेरिकेत एक बाई स्वतःच्या स्टुडिओत चित्रपट दिग्दर्शित करीत होत्या. त्यांचे नाव आलीस गी. या अंकात आपण त्यांची ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म १ जुलै १८७३ रोजी पॅरिसजवळ झाला. वडिलांचा दक्षिण अमेरिकेतील चिली देशात पुस्तकांचा व्यवसाय होता. तो बुडाला आणि पुढे वडीलही गेले. पोटासाठी आलीस टंकलेखन आणि लघुलेखन शिकल्या व १८९४ साली कॅमेऱ्यांच्या एका कंपनीत सेक्रेटरी झाल्या. पुढे ही कंपनी लेओं गोमाँ यांच्या हाती आली.

मार्च १८९५ मध्ये ल्युमिए बंधूंनी पॅरिसमध्ये हलती चित्रे दाखवली. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, एवढेच त्यात होते. पुस्तकांच्या सहवासात वाढलेल्या आलीसना वाटले, या यंत्राने गोष्ट का सांगू नये? त्यांनी मालकांकडे परवानगी मागितली. कचेरीचे काम मागे पडता कामा नये, या अटीवर ती मिळाली. त्यातून कोबीच्या गड्ड्यांतून बाळे उचलणाऱ्या परीचा छोटासा चित्रपट तयार झाला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे ते साल १८९६ होते. त्याआधी कोणा स्त्रीने चित्रपट केल्याची नोंद नाही.

पुढची सुमारे दहा वर्षे गोमाँ कंपनीची चित्रनिर्मिती त्यांनीच सांभाळली. बोलपट येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ध्वनिमुद्रिकेला जुळवून शंभरावर गाणी चित्रित केली. १९०६ साली येशूच्या जीवनावर सुमारे तीनशे माणसे घेऊन मोठा चित्रपट केला. १९०७ मध्ये विवाह होऊन त्या अमेरिकेला गेल्या. १९१० मध्ये त्यांनी सोलॅक्स ही स्वतःची कंपनी काढली आणि १९१२ मध्ये न्यू जर्सीतील फोर्ट ली येथे लाखाहून अधिक डॉलर खर्चून स्टुडिओ उभारला. तेथे एक मोठी पाटी लावलेली होती. नटांनी स्वाभाविक वागावे, एवढाच तिचा आशय होता. दोन मुलांना सांभाळून त्या हे सारे करीत होत्या.

पण दिवस पालटले. चित्रपटधंदा हॉलिवूडकडे सरकला, कर्ज वाढले, संसार मोडला. १९२२ मध्ये मुलांना घेऊन त्या फ्रान्सला परतल्या. तेथे त्यांना कोणी काम दिले नाही. त्याहून मोठा घाव पुढेच होता. चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे चित्रपट दुसऱ्यांच्या नावावर लागले होते, काही ठिकाणी तर त्यांचा उल्लेखच नव्हता. त्या स्वतः जुने चित्रपट शोधत हिंडल्या, पण हाती फारसे लागले नाही. तरी खचून न जाता त्यांनी आठवणी लिहून काढल्या आणि आपल्या चित्रपटांची यादी केली.

पुढे फ्रान्सने त्यांना ‘लेजिओं दॉनर’ हा सन्मान दिला. २४ मार्च १९६८ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, अमेरिकेत त्यांचे निधन झाले. आठवणींचे पुस्तक १९७६ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले. त्यांच्या सुमारे एक हजार चित्रपटांपैकी दीडशेच्या आसपास आता सापडले आहेत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात फ्रान्सच्या ज्या दहा थोर स्त्रियांचे सोनेरी पुतळे उभारले, त्यांत एक आलीस गी यांचा होता.

यातून आपण काय घ्यावे? काम चांगले करावे हे तर खरेच, पण ते कोणी केले याची नोंदही ठेवावी. आपल्या स्नेहसंमेलनाच्या नाटकात पडदा ओढणारा, वेशभूषा करणारी, संवाद लिहून देणारी, अशी कितीतरी मुले-मुली पडद्यामागे राबतात. यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांचीही नावे आठवणीने छापू या.